भुतांच्या गावात बाबा

"पितृपंधरवड्यात कुणी भुतांच्या बागेत जातं का रे?" निघता निघता आईने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पण दोन्ही नातवंडं बूट घालून दारात उभी होती, त्यामुळे निकाल आधीच लागलेला होता.

ही गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरमधली. आई-बाबा भारतातून आले होते. कॅलिफोर्नियात ब्युएना पार्क नावाचं गाव आहे, डिस्नेलँडपासून फार तर दहा-बारा किलोमीटर. तिथे 'नॉट्स बेरी फार्म' हे करमणुकीचं मोठं उद्यान आहे. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनच्या निमित्ताने तिथे सप्टेंबरपासूनच भुतांचा मोसम सुरू होतो. दिवसा लहान मुलांसाठी गंमतीची भुतं, रात्री वेगळं तिकीट काढून येणाऱ्या मोठ्यांसाठी खरीखुरी घाबरवणारी! रात्रीचा हा प्रकार १९७३ साली सुरू झाला, म्हणजे त्या वर्षी त्याची पन्नाशी होती. आम्ही अर्थातच दिवसवाले.

नाव 'बेरी फार्म' का, तर हे मुळात शेतच. वॉल्टर नॉट नावाचा शेतकरी १९२० साली इथे खंडाने जमीन घेऊन बेरी पिकवू लागला आणि रस्त्याकडेला टपरी टाकून विकू लागला. जवळच्या अनाहाइममध्ये रुडॉल्फ बॉयसेन नावाच्या गृहस्थाने संकर करून एक टपोरी बेरी तयार केली होती, पण नाद सोडून दिला होता. १९३२ च्या सुमारास नॉटने गवतात हरवलेले ते मरणपंथाला लागलेले वेल आणून जगवले, आणि फळाला नाव मात्र बॉयसेनचं दिलं - बॉयसेनबेरी. मंदीचे दिवस होते. १९३४ साली त्याची बायको कॉर्डेलिया हिने लग्नातल्या चिनी मातीच्या ताटल्या काढून आठ गिऱ्हाइकांना तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढलं. दर ६५ सेंट. काही वर्षांत तिथे तासन् तास रांगा लागू लागल्या. आता एवढ्या लोकांना रमवायचं कसं? नॉटने १९४० साली शेतावर एक जुनं गाव उभारायला घेतलं. काही घरं पडीक गावांतून उचलून आणली, काही जुन्या लाकडांतून बांधली. त्याची आजी १८६८ साली छपरी गाडीतून वाळवंट ओलांडून आली होती, तिची ती आठवणही होती. गावाचं नाव 'घोस्ट टाउन'. डिस्नेलँड यानंतर पंधरा वर्षांनी, १९५५ साली उघडलं. कोंबडीच्या रांगेतून उद्यान जन्माला आलं म्हणायला हरकत नाही!

या घोस्ट टाउनमध्ये शिरलो तेव्हा कोळिष्टकं, भोपळे, सांगाडे सगळीकडे टांगलेले होते. धाकटा प्रत्येक सांगाड्याशी हस्तांदोलन करत होता. बाबा मात्र लोहाराच्या दुकानापुढे थांबले. तिथे एक माणूस खरोखरच भट्टीवर लोखंड तापवून ठोकत होता.

"इथे कोण मेलं होतं?" बाबांनी विचारलं.

"कुणी नाही हो. घोस्ट टाउन म्हणजे भुतांचं गाव नव्हे. माणसं सोडून गेलेलं, ओस पडलेलं गाव."

"का ओस पडलं?"

मला नीट सांगता आलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि पुढचे काही दिवस मी तेच वाचत बसलो.

उद्यानातलं गाव म्हणजे एका खऱ्या गावाची हुबेहूब नक्कल नव्हे, पण त्यामागे एक खरं गाव आहे - कॅलिको. इथून सुमारे दोनशे किलोमीटरवर, मोहावी वाळवंटात. १८८१ साली तिथे चांदी सापडली आणि बघता बघता गाव वसलं. वॉल्टरने तरुणपणी तिथे थोडे दिवस काम केलं होतं. १९५१ साली त्याने ते पडीक गावच विकत घेतलं, डागडुजी केली आणि १९६६ साली सॅन बर्नार्डिनो काउंटीला देऊन टाकलं.

कॅलिको बुडालं ते चांदीचा भाव कोसळल्यामुळे. आणि इथे मी खुर्चीत सावरून बसलो, कारण या गोष्टीत आपली मुंबई येते.

त्या काळी मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कुणीही चांदी न्यावी आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. म्हणजे जगातल्या चांदीला हिंदुस्थान हे हक्काचं गिऱ्हाईक. पण १८७० नंतर युरोपातले देश सोन्याकडे वळले, चांदी स्वस्त झाली, तिच्याबरोबर रुपयाही घसरला. सरकारला लंडनचे देणे पौंडात भागवायचे, त्याचा बोजा वाढत गेला. शेवटी जून १८९३ मध्ये सरकारने ही सोय बंद केली. बातमी पोचली आणि काही दिवसांतच अमेरिकेत चांदीचा भाव गडगडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकारनेही आपली चांदीची ठरलेली खरेदी थांबवली. कॅलिकोच्या खाणी परवडेनाशा झाल्या. जवळच्या टाकणखारामुळे थोडी हालचाल उरली होती, तीही १९०७ च्या सुमारास संपली.

आता कॅलिको केवळ फोर्टातल्या टांकसाळीने बुडवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण जमिनीखाली राबणाऱ्या त्या खाणकामगारांना आपलं पोट आणखी कुठेकुठे बांधलेलं आहे, हे कुठून ठाऊक असणार?

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले असंख्य परत आत गेलेच नाहीत. बाबाही त्यांतलेच. आधी भाजीची गाडी, मग एका सोसायटीत वॉचमन. त्या पगारावर मी इंजिनियर झालो. गिरणीबद्दल ते घरात कधी बोलत नसत आणि मीही कधी विचारलं नाही. तिथे आता काचेचे टॉवर आहेत.

"त्या लोहाराला पगार मिळतो का रे?" त्यांनी अखेर विचारलं.

"मिळतो की."

"मग बरं आहे."

त्या रात्री त्यांनी लालबागच्या जुन्या दोस्ताला फोन लावला. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. "अरे, इथे बंद पडलेलं गाव बघायला माणसं तिकीट काढून येतात. आपल्याला साच्यावर उभं करून लोकांना दाखवायचं म्हटलं, तर जाशील का?"

पलीकडचं उत्तर मला कळलं नाही. बाबा मात्र मोठ्याने हसले आणि म्हणाले, "गुडघे माझेही दुखतात. पण धागा तुटला तर अजून डोळे मिटून सांधीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी पहिल्यांदा विचारलं, "बाबा, साचा चालायचा कसा?"

चहा गार झाला, पण ते थांबले नाहीत.