जबड्याच्या सांध्याचे विकार

जबड्याच्या सांध्याचे विकार किंवा टेम्पोरोमँडिब्युलर विकार ही कानापुढील सांधा आणि चर्वणाचे स्नायू यांच्याशी संबंधित दुखण्यांची सामूहिक संज्ञा आहे. ही वेदना दाढेत, कानात किंवा कानशिलात जाणवू शकते. त्यामुळे अनेक रुग्ण दाढदुखीची तक्रार घेऊन दंतवैद्याकडे येतात. निदान चुकल्यास निरोगी दाढेवर रूट कॅनॉल उपचार होण्याचा किंवा ती काढली जाण्याचा धोका असतो.

रचना

खालच्या जबड्याचे हाड दोन्ही बाजूंना कवटीच्या शंखास्थीशी जोडलेले असते. या दोन हाडांमध्ये तंतुमय चकती असते. तोंड उघडताना जबड्याच्या हाडाचे टोक प्रथम फिरते आणि नंतर चकतीसह पुढे सरकते. चकती जागची हलल्यास ‘कट्’ असा आवाज येतो. ती अडकून राहिल्यास तोंड पूर्ण उघडत नाही.

कारणे

बहुधा एकच एक कारण सापडत नाही. झोपेत दात खाणे, दिवसा दातांवर दात दाबून धरणे, जबड्याला मार लागणे, संधिवात व मानसिक ताण यांचा त्यात वाटा असतो. अमेरिकन कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये या लक्षणांचा संबंध दातांच्या सदोष चाव्याशी जोडला होता. केवळ चावा हेच मूळ कारण आहे, असे आता मानले जात नाही.

निदान

निदान मुख्यतः रुग्णाची हकिगत व प्रत्यक्ष तपासणी यांवर अवलंबून असते. स्नायू किंवा सांधा दाबल्यावर रुग्णाची नेहमीचीच वेदना उमटणे ही महत्त्वाची खूण होय. प्रौढ व्यक्तीचे तोंड साधारणपणे ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. संशयित दाढ बधिर करूनही वेदना कायम राहिल्यास तिचा उगम अन्यत्र असण्याची शक्यता वाढते. हाडांसाठी क्ष-किरण किंवा सीबीसीटी, तर चकतीसाठी एमआरआय चाचणी केली जाते.

सुपारी व गुटख्याच्या सेवनाने होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिस या रोगातही तोंड कमी उघडते. मात्र त्यात गालाचे अस्तर पांढुरके व ताठर होते. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखणे, नवी डोकेदुखी व अंधूक दिसणे ही रक्तवाहिनीच्या दाहाची लक्षणे असू शकतात. श्रमानंतर जबड्यात उठणारी कळ हृदयविकाराची असू शकते. या दोन्ही स्थितींत तातडीने वैद्यकीय मदत आवश्यक असते.

उपचार

बहुतेक रुग्णांना साध्या उपायांनी आराम पडतो. मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार आणि अल्पकाळ वेदनाशामके हे प्राथमिक उपचार होत. ओठ मिटलेले असताना वरचे व खालचे दात एकमेकांना टेकू न देण्याची सवय लावली जाते. आवश्यकतेनुसार रात्री दातांवर बसवण्याची ॲक्रिलिकची पट्टी दिली जाते. वेदनारहित आवाजाला सहसा उपचार लागत नाही.

साध्या उपायांनी गुण न आल्यास सुईद्वारे सांधा धुतला जातो. शस्त्रक्रिया क्वचितच करावी लागते. दात घासून चावा बदलण्यासारखे उपाय मागे घेता येत नसल्याने ते केवळ या विकारासाठी टाळावेत, असे सर्वसाधारण मत आहे.