जुन्या आउटबोर्ड इंजिनाचे मिश्रण जुळविताना...

होडीच्या मागील फळीवर बाहेरून अडकविले जाणारे 'आउटबोर्ड' इंजिन महाराष्ट्रातील शहरी वाचकांना परिचित आहे ते मुख्यत्वे महापुरातील बचावकार्याच्या छायाचित्रांमुळे. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास हे यंत्र बाजारात यशस्वी करून दाखविले. त्यांच्या नावाच्या आणि 'जॉन्सन' नाममुद्रेच्या १९५० च्या दशकातील इंजिनांपैकी काही आजही हौशी मंडळींनी चालू स्थितीत राखली आहेत. 'जॉन्सन'चे उत्पादन २००७ मध्ये, तर 'एव्हिनरूड'चे २०२० मध्ये थांबले. त्यामुळे अशा इंजिनाचा पिस्टन एकदा जळाला, की दुरुस्ती सोपी राहत नाही. तो जळण्यामागे अनेकदा कार्ब्युरेटरमधील चुकीचे मिश्रण कारणीभूत असते.

लीन आणि रिच

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवेच्या मानाने इंधन कमी पडले, तर मिश्रण 'लीन' आणि जास्त झाले, तर 'रिच' म्हटले जाते. रिच मिश्रणाने धूर होतो, स्पार्क प्लग काजळतो आणि पेट्रोल वाया जाते. लीन मिश्रणाचा धोका याहून मोठा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. साहजिकच इंधन कमी झाले, की वंगणही कमी होते आणि त्याच वेळी उष्णता वाढते. विशेष म्हणजे, किंचित लीन झालेले इंजिन कानाला हलके व तरतरीत वाटते. पूर्ण वेगात मात्र तेच इंजिन 'सीझ' होऊ शकते. म्हणूनच केवळ कानावर विसंबणे योग्य नव्हे.

दोन सुया, दोन कामे

त्या काळच्या अनेक जॉन्सन व एव्हिनरूड इंजिनांत दोन सुया असतात. एक मंदगतीचे आणि दुसरी पूर्ण वेगाचे इंधन नियंत्रित करते. या इंजिनांत सुई घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आत फिरविली, की मिश्रण लीन होते. काही अन्य बनावटींत स्क्रू हवेचे प्रमाण ठरवितो आणि तेथे परिणाम नेमका उलट होतो. त्यामुळे आपल्या इंजिनाची माहितीपुस्तिका आधी पाहणे अत्यावश्यक ठरते. पुढील काळातील इंजिनांत पूर्ण वेगाचे इंधन ठराविक छिद्राच्या जेटमधून मिळते. तेथे बाहेरचा स्क्रू कितीही फिरविला, तरी पूर्ण वेगातील मिश्रण सुधारत नाही.

जुळणीची रीत

प्रथम कार्ब्युरेटर स्वच्छ, स्पार्क प्लग सुस्थितीत आणि पेट्रोल ताजे असल्याची खात्री करावी. तेलाचे प्रमाण पुस्तिकेनुसारच ठेवावे. 'सुरक्षेसाठी' जादा तेल घातल्यास तेवढ्याच इंधनात पेट्रोलचा वाटा घटतो आणि मिश्रण उलट लीन होते.

इंजिन बंद असताना दोन्ही सुया हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्याव्यात. जोर लावल्यास सुईच्या टोकावर खाच पडते आणि मग जुळणी कधीच नीट बसत नाही. त्यानंतर मंदगतीची सुई सुमारे दीड फेरा आणि पूर्ण वेगाची पाऊण ते एक फेरा बाहेर घ्यावी. ही केवळ सुरुवात असते.

पुढील काम होडी पाण्यात आणि इंजिन गिअरमध्ये असतानाच करावे. पंख्यावर पाण्याचा भार नसेल, तर जुळणी फसवी ठरते. शिवाय पाण्याविना इंजिन चालविल्यास पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी चक्र अल्पावधीत निकामी होते. सुकाणू सांभाळण्यास दुसरी व्यक्ती सोबत हवी.

इंजिन तापल्यावर मोकळ्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडून वेगाची सुई आधी जुळवावी. सर्वाधिक वेग मिळेल ती जागा शोधून सुई तेथून एक अष्टमांश फेरा, म्हणजे पाव फेऱ्याच्या निम्मी, बाहेर ठेवावी. त्यानंतर मंदगतीवर येऊन दुसरी सुई तितकीच आत घेत जावी आणि प्रत्येक वेळी सुमारे १५ सेकंद थांबावे. इंजिन कार्ब्युरेटरच्या तोंडातून शिंकल्यासारखे फुसफुसू लागले, की लीन बाजूची मर्यादा आली. सुई बाहेर घेताना इंजिन जड, अडखळत चालू लागले व धूर वाढला, की रिच बाजूची मर्यादा आली. या दोहोंच्या मध्यापासून किंचित रिच बाजूस सुई ठेवावी. थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन अडखळले, तर ती आणखी एक अष्टमांश फेरा बाहेर घ्यावी.

अखेरची साक्ष स्पार्क प्लगची असते. फिकट तपकिरी रंग योग्य मिश्रण दर्शवितो, काळा व ओलसर प्लग रिच, तर पांढरट प्लग लीन मिश्रण दर्शवितो. प्लग पांढरट दिसल्यास इंजिन पुन्हा पूर्ण वेगात चालवू नये.

इथेनॉलमुळे नवी दक्षता

भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने अशा एक किलो इंधनाला सुमारे १३.५ किलोच हवा पुरते. परिणामी शुद्ध पेट्रोलवर अचूक बसविलेली जुनी जुळणी आता लीन ठरते. दोन सुयांच्या इंजिनात ती पुन्हा करता येते. ठराविक जेट असलेल्या इंजिनात मात्र जाणत्या कारागिराकडून मोठ्या छिद्राचा जेट बसवून घ्यावा लागतो. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांनाही अपाय करू शकते. त्यामुळे टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोल वापरू नये आणि नळ्या वेळोवेळी तपासाव्यात. किंचित रिच जुळणीने थोडे पेट्रोल अधिक जाईल. परंतु भर खाडीत इंजिन सीझ होऊन होडी ओहोटीच्या स्वाधीन होण्यापेक्षा तो खर्च केव्हाही परवडणारा आहे.