‘३८६’चा निरोप: जुन्या यंत्रांची साथ केव्हा सोडावी?

हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा, म्हणजेच कर्नल, लिहिला तो इंटेलच्या ‘३८६’ प्रोसेसरवर चालणाऱ्या स्वतःच्या संगणकासाठी. मात्र डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सनेच या प्रोसेसरला रजा दिली. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून नवे कर्नल ‘३८६’वर चालेनासे झाले. जुन्या हार्डवेअरची साथ ऑपरेटिंग सिस्टीमने केव्हा सोडावी, या वादात हे उदाहरण मार्गदर्शक ठरते.

‘३८६’ हा प्रोसेसर १९८५ साली आला आणि त्याचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. मेमरीतील एखादे मूल्य तपासून ते एकाच आज्ञेने बदलण्याची सोय त्याच्यात नव्हती. ती १९८९ च्या ‘४८६’मध्ये आली. मेमरीचा जो भाग केवळ वाचनासाठी राखलेला असतो, त्यावर खुद्द कर्नलकडून चुकून लेखन होऊ नये यासाठीचे संरक्षणही त्यात नव्हते. या उणिवांसाठी वेगळी तरतूद करावी लागे आणि अनेक प्रोसेसर एकत्र चालवणाऱ्या भागात बदल करताना दर वेळी जादा काम पडे, असे कारण हा बदल मांडणाऱ्या इंगो मोलनार यांनी दिले होते.

हा भार केवळ श्रमांचा नसतो. ज्या यंत्रावर चाचणी घेणारे कोणी उरत नाही, त्यासाठीच्या प्रोग्रॅममधील दोष लक्षात येत नाहीत. अशा वेळी आधार काढणे अधिक प्रामाणिक ठरते.

मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज ११’ची गोष्ट निराळी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीने ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सुविधा आणि साधारणपणे २०१७ नंतरचे प्रोसेसर अनिवार्य केले. सुरक्षितता हे त्यामागील कारण सांगण्यात आले व त्यात तथ्यही आहे. परंतु त्यामुळे जेमतेम पाच वर्षे वापरलेले, सुस्थितीतील अनेक संगणकही अपात्र ठरले. ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्यक्तिगत ग्राहकांसाठी एका वर्षाची वाढीव मुदत जाहीर झाली; तरी त्यानंतर नवा संगणक घेणे, दुसरी प्रणाली बसवणे किंवा सुरक्षा दुरुस्त्यांविना काम चालवणे, एवढेच मार्ग उरतात.

दोन्ही निर्णयांतील फरक केवळ वर्षांचा नाही. लिनक्सचा सोर्स कोड खुला असल्याने ‘३८६’ बाळगणाऱ्यांना जुनी आवृत्ती वापरण्याची व ती स्वतः दुरुस्त करण्याची मुभा राहिली. ‘विंडोज १०’च्या ग्राहकाला तशी मुभा नाही. म्हणूनच, जी प्रणाली दुसऱ्या कोणालाही दुरुस्त करता येत नाही, तिच्या निर्मात्याने जुन्या यंत्रांची साथ अधिक काळ द्यावी, ही अपेक्षा रास्त ठरते.