उंचीच्या पट्टीवरचं साल

मागच्या महिन्यात ओळखीतला एक पोरगा विचारत होता, "दादा, पोलीस भरतीत उंचीची सूट भेटते का?" जन्म २००१ चा, दिसतो नववीतला. पाहिजे १६५ सेंमी, हा १५२ वर थांबलेला. जन्मापासून एचआयव्ही आहे त्याला. त्याला विचारूनच लिहितोय, कोण-कुठला ते मात्र विचारू नका.

आपल्या इतवारीत हा विषय निघाला की लोक लगेच गंगाजमुनाकडे बोट दाखवतात. १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर (हो तेच, कोरोनात टीव्हीवर दिसायचे ते) आणि सहकाऱ्यांचा पुण्यातला अभ्यास छापून आला. गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या, देहविक्रीशी संबंध नसलेल्या बायकांपैकी शंभरात तेरा-चौदा जणींना लागण होती. बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष माहीत नसलेल्या. या पोराची आई तशीच.

आता त्याच्या उंचीचा हिशेब लावायचा तर तारखा बघाव्या लागतात.

फेब्रुवारी २००१. मुंबईच्या सिप्लाने जाहीर केलं, तीन औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलरला देऊ. जगभर गाजलं. म्हणजे औषध आपल्याच राज्यातली कंपनी बनवत होती. आपल्या सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळायला १ एप्रिल २००४ उजाडावं लागलं, तेही देशात मोजक्याच ठिकाणी, त्यात आपल्याकडचं मुंबईचं जे.जे. आणि लहान मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम? ३० नोव्हेंबर २००६. तोवर मोठ्यांच्या गोळ्या तोडून देणं हाच उपाय. त्यात पेशींचा आकडा ठरावीक पातळीखाली घसरल्याशिवाय गोळी सुरू होत नसे. 'लागण कळली की उपचार' हा नियम २०१७ चा.

या पोराला गोळी लागली आठव्या वर्षी.

आठ वर्षं विषाणू मोकाट. शरीर सारखं लढाईत. कधी जुलाब, कधी टीबी, खाल्लेलं अंगी लागत नाही, वाढीचे हार्मोन मंदावतात. मग मिसरूड, आवाज फुटणं, मुलींची पाळी, सगळंच मागं पडतं. युगांडा-झिंबाब्वेतल्या मुलांवर अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं: गोळी जितकी उशिरा, तितकं वयात येणंही उशिरा. वरून सुरुवातीच्या गोळ्यांत स्टॅव्युडीन असायचं. गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे. ते औषध नंतर बंद झालं.

शाळेत काय होत असेल, विचार करा. २००९ मध्ये लातूरजवळ हासेगावात सेवालयाची मुलं गावच्या शाळेत गेली, तर बाकी पालकांनी आपली पोरं काढून घेतली होती. आमच्या या पोट्ट्याची लागण वर्गात कोणालाच माहीत नव्हती, तरी दहावीत 'बच्चू' नाव पडलंच. त्या वयात गोळी टाळणारी पोरं असतात ती उगाच नाही.

घरात असं मूल असेल तर एक सांगतो. उशीर म्हणजे कायमचं बंद नाही. बहुतेक मुलं उशिरा का होईना वयात येतात. पण मुलीला १३ पर्यंत, मुलाला १४ पर्यंत काहीच खूण दिसली नाही तर एआरटी केंद्रात डॉक्टरांना स्पष्ट विचारा. लाजू नका. हाडं जुळायच्या आत विचारलं तर काही करता येतं. आता जे बाळ लागण घेऊन जन्मतं त्याला पहिल्या काही महिन्यांतच औषध सुरू होतं, त्याची वाढ अशी अडत नाही.

भरतीत सूट नाही, हे त्याला सांगितलं. "माहीत होतं" म्हणाला.

त्याची धाकटी बहीण २००५ ची. तिच्या वेळेपर्यंत गरोदर बायांची तपासणी सुरू झाली होती, बाळंतपणात आईला नेव्हिरपिनची गोळी मिळाली, बाळालाही डोस दिला. तिला लागण नाही. दोघं सोबत बाजारात आले की दुकानदार तिला ताई म्हणतात आणि याला विचारतात, "तू कितवीत रे?"