बुरशीवर क्लोरीन डायऑक्साइड : उपयोग आणि दक्षता

पावसाळ्यात कोकणपट्टीतील घरांच्या भिंतींना ओल येते, कपाटातील कपडे आणि चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढते व कुबट वास सुटतो. बुरशीच्या बंदोबस्तासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांपैकी क्लोरीन डायऑक्साइड हे एक प्रभावी जंतुनाशक आहे. मात्र त्याचा वापर जाणतेपणाने करणे आवश्यक ठरते.

क्लोरीन डायऑक्साइड हा पिवळसर-हिरवट, उग्र वासाचा वायू आहे. नावात साम्य असले तरी तो क्लोरीनहून वेगळा. पाण्यात तो विरघळलेल्या वायूच्याच रूपात राहतो आणि सूक्ष्मजीवांच्या पेशींतील प्रथिनांचे ऑक्सिडीकरण करून त्यांचा नाश करतो. अमेरिकेतील नायगरा फॉल्स येथे १९४४ मध्ये पाण्याचा वास व चव सुधारण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला. २००१ मध्ये अँथ्रॅक्सचे जंतू असलेली पत्रे आल्यानंतर वॉशिंग्टन येथील सिनेटच्या हार्ट इमारतीतील दालन याच वायूने निर्जंतुक करण्यात आले. अर्थात, ते काम माणसांना बाहेर काढून तज्ज्ञांनी केले होते.

घरगुती वापरासाठी तो गोळ्या, द्रावण किंवा पुड्यांच्या स्वरूपात मिळतो. पुडीतील सोडियम क्लोराइट हवेतील ओलावा शोषून हळूहळू वायू सोडते. अशी पुडी बंद कपाटात ठेवावी. माणसांच्या वावराच्या खोलीत नव्हे. हा वायू डोळे, घसा व फुप्फुसांचा दाह करतो. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी त्याची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत केवळ ०.१ भाग इतकी आहे. दमेकरी व लहान मुलांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. हवेत त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेल्यास स्फोट होऊ शकतो. त्यामुळे सोडियम क्लोराइटमध्ये आम्ल मिसळून घरीच वायू तयार करण्याचा प्रयोग करू नये. द्रावण वापरताना हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात चाचणी घ्यावी.

हे द्रावण औषध म्हणून पिणे घातक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० आणि २०१९ मध्ये तसा इशारा दिला होता. तीव्र उलट्या, जुलाब व रक्तदाब घसरणे असे परिणाम त्यातून संभवतात.

मेलेली बुरशीही ॲलर्जीला कारणीभूत ठरू शकते. त्यामुळे ती पुसून काढणे, गळती बुजवणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे हाच खरा उपाय होय. ओल कायम राहिली, तर बुरशी पुन्हा येणारच.