बिनतारी डबा आणि त्यामागची पन्नास वर्षं



गटाच्या बैठकीत हल्ली एक तक्रार ठरलेली असते. वाय-फायचा डबा बसवलाय, महिन्याला पैसे जातात, पण ऐन कामाच्या वेळी तो चालत नाही. केवायसी अर्धवट राहते, हप्त्याची पावती निघत नाही. मग घरातला पुरुष किंवा कॉलेजातला मुलगा येईपर्यंत आपण वाट बघत बसतो. आम्ही समन्वयक गावोगाव फिरतो तेव्हा दिसतं, की हा डबा अडण्याची कारणं मोजकीच आहेत आणि त्यातली बरीचशी त्याच्या जन्मापासून त्याला चिकटलेली आहेत. म्हणून आज आम्ही त्याचा इतिहासच सांगणार आहोत. तो कळला की दुरुस्ती अर्धी कळते.

सुरुवात आपल्याच देशापासून करू. १९३३ साली इथे बिनतारी यंत्रांचा कायदा झाला. परवान्याशिवाय असं यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा. त्यामुळे घरात रेडिओ आला की पोस्टात जाऊन परवाना काढायचा आणि दरवर्षी फी भरायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना आठवत असेल. मग आज आपल्या डब्याला परवाना का लागत नाही? तो तर लहरी नुसत्या पकडत नाही, सोडतोसुद्धा.

याचं उत्तर शोधायला आधी प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर जावं लागतं. तिथल्या विद्यापीठाचा मोठा संगणक एका बेटावर आणि शाखा दुसऱ्या बेटांवर. मध्ये समुद्र. नॉर्मन अब्रामसन या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओच्या लहरींवरून ही ठिकाणं जोडायला सुरुवात केली. या जाळ्याला नाव दिलं 'अलोहा'. तिकडे नमस्काराला अलोहा म्हणतात.

अडचण अशी, की वाट एक आणि बोलणारे अनेक. त्यांनी नियम केला: आपलं म्हणणं छोट्या तुकड्यांत पाठवायचं. दोघांचे तुकडे आदळले आणि पोच आली नाही, तर जरा थांबून पुन्हा पाठवायचं. पण दोघांनी सारखाच वेळ थांबायचं नाही, नाहीतर पुन्हा टक्कर. हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की या रीतीत फार तर १०० पैकी १८ भागच वेळ कामी येतो. पुढे त्यात सुधारणा झाली: आधी ऐकायचं, कोणी बोलत नसेल तरच बोलायचं. आपला डबा आजही असंच करतो. आपल्या बैठकीत सगळ्या एकदम बोलायला लागल्या की ठराव पुढे सरकत नाही, तसंच हे. म्हणून दहा फोन एकाच वेळी जोडले आणि त्यातल्या चारांवर व्हिडिओ चालू असले, की तो मंदावतो. हा बिघाड नव्हे. गटाचं काम असेल तेवढा वेळ बाकीचे फोन बाजूला काढा.

दुसरी महत्त्वाची घटना अमेरिकेतली. ९ मे १९८५ रोजी तिथल्या दळणवळण आयोगाने लहरींचे तीन पट्टे अशा यंत्रांना परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. मायकेल मार्कस या अभियंत्याने आयोगात त्यासाठी पाठपुरावा केला होता. हेच पट्टे का? कारण कारखान्यातली, दवाखान्यातली काही यंत्रं आणि मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच गोंगाट करत असत. चांगल्या जमिनीचे सातबारे आधीच दुसऱ्यांच्या नावावर होते, उरलं ते गायरान. गायरानात कोणीही जनावर सोडावं, पण दुसऱ्याला हुसकावता येत नाही. इथेही अट तीच: कमी ताकदीचं यंत्र वापरा आणि दुसऱ्याचा त्रास सोसा.

शेजाऱ्याचा डबा, ब्लूटूथ, ओव्हन हे सगळे आपल्याच गायरानात येतात, ते यामुळे. या पट्ट्याला २.४ गिगाहर्ट्झ म्हणतात. त्यात १, ६ आणि ११ या क्रमांकांच्या वाटा एकमेकींवर चढत नाहीत. शेजारी १ वर असेल तर कंपनीच्या माणसाला सांगून आपला डबा ६ किंवा ११ वर लावून घ्यायचा.

पुढे नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी दुकानांतले गल्ले तारेशिवाय जोडायचं काम हाती घेतलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून सर्वांसाठी एकच नियमावली करणारी समिती बसली. विक हेस तिचे अध्यक्ष होते. १९९७ साली नियमावली आली. १९९९ साली वेग वाढला आणि 'वाय-फाय' हे नाव मिळालं. या नावाचं पूर्ण रूप काही नाही, ते फक्त बाजारासाठी घडवलेलं नाव आहे.

याच काळात ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांचे सहकारी घरातल्या भिंतींशी झगडत होते. लहर भिंतीवर, कपाटावर आपटून परत येते आणि आवाज घुमावा तशी स्वतःमध्येच मिसळते. ओ'सलिव्हन मुळात आकाशातल्या रेडिओलहरींचे अभ्यासक. त्यांनी त्यावर उपाय काढला, पण भिंत काही नाहीशी झाली नाही. जाड दगडी भिंत, पत्रा, लोखंडी कपाट, भांड्यांची मांडणी, पाण्याची टाकी यांपुढे लहर आजही हरते. म्हणून डबा कोपऱ्यातल्या फडताळात कोंबू नका. घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर ठेवा. काही डब्यांची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी '५जी' असतं. त्याचा मोबाईलच्या फाइव्ह-जीशी संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा: जवळ बसलं तर वेगवान, भिंतीपलीकडे दुबळा. लांबच्या खोलीत साधं नाव निवडा.

भारतात २.४ चा पट्टा घरात आणि बाहेर परवान्याविना मोकळा झाला तो जानेवारी २००५ मध्ये. २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची केबल न्यायची योजना मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळालं. इथे एक फरक लक्षात ठेवा. केबल डब्यापर्यंत इंटरनेट आणते आणि डब्यापासून फोनपर्यंत वाय-फाय नेतं. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे, हे आधी ओळखायचं.

आता कुलपाची गोष्ट. वाय-फायचं पहिलं कुलूप २००१ साली संशोधकांनी फोडून दाखवलं. २००४ साली 'डब्ल्यूपीए-२' हे मजबूत कुलूप आलं, २०१८ साली 'डब्ल्यूपीए-३'. कुलूप नसल्याने काय होतं, ते जुलै २००८ मध्ये नवी मुंबईत दिसलं. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला धमकीचा ईमेल तिथल्या एका रहिवाशाच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. चौकशी आली ती त्या घराच्या दारात.

म्हणून डबा अडला तर क्रम असा. आधी वीज आणि दिवे बघा. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल असेल तर केबल तुटली किंवा दुमडली आहे. कंपनीला फोन करा, घरात खटपट करू नका. दिवे ठीक असतील तर डबा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. मग डब्याजवळ जाऊन बघा. तिथे चालतं आणि खोलीत नाही, तर जागा बदला. एकाच फोनवर अडतं, तर त्या फोनमधलं नाव पुसून पासवर्ड पुन्हा घाला.

आणि पासवर्ड? तो डब्याच्या खाली छापलेला असतो, तोच चालू ठेवू नका, बदला. बऱ्याच घरांत पैसे बाई भरते आणि पासवर्ड मात्र तिला माहीत नसतो. बचतीची चावी आपण दुसऱ्याकडे ठेवत नाही. येत्या बैठकीत अध्यक्ष आणि सचिव, दोघींनी मिळून गटाच्या डब्याचा पासवर्ड बदलून घ्या आणि कंपनीचा तक्रार क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.