शोकेस घरीच बनवा: नदीकाठी सापडलेले दगड-शिंपले वर्षानुवर्षं कसे टिकवायचे?

गोदावरीचा पूर ओसरला की काठावर वाळू, गोटे आणि शिंपले उरतात. शेतात विहीर खोदली की बांधावर मुरमाचा ढीग पडतो आणि त्यात एखादा दगड उन्हात चमकतो. कोपरगावच काय, नदीकाठच्या कुठल्याही गावात अशा वस्तू खिशात घालून घरी आणणारं कुणीतरी असतंच. मग त्या बरणीत किंवा बुटांच्या खोक्यात जातात. दोन वर्षांनी कुठला दगड कुठून आणला, हे कुणालाच सांगता येत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे काच लावलेली, कप्प्यांची लाकडी शोकेस. ती दोन सुट्ट्यांत घरी बनवता येते. फक्त ती बनवताना काय काळजी घ्यायची आणि तिच्यात काय ठेवायचं नाही, हे आधी समजून घेऊया.

कोपरगावच्या आसपास सापडतं काय?

हा सगळा भाग दख्खनच्या बसाल्टचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांमध्ये पाण्यातून खनिजं साचली. गारगोटी, अकीक, कॅल्साइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि अपोफिलाइट ही त्यातली काही नावं. यातल्या स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटच्या गटाला झिओलाइट म्हणतात.

याच अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीजवळ मोमीन आखाडा इथे विहिरीच्या खोदकामात निघालेलं हिरवं अपोफिलाइट जगभरच्या खनिज संग्राहकांना माहीत आहे. असे नमुने जवळून पाहायचे असतील तर नाशिक-शिर्डी रस्त्यावर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे. शोकेस बनवण्याआधी तिथे एक चक्कर मारा. उजेड कुठून सोडलाय, चिठ्ठीवर काय लिहिलंय, हे नीट बघा.

सापडलं म्हणून घरात ठेवता येतं का?

प्रत्येक वस्तू नाही. नदीतले साधे गोटे किंवा शेतमालकाला विचारून मुरमातून उचललेला दगड यांची अडचण नसते. पण पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

• जमिनीत पुरलेलं धन: नाण्यांचा हंडा, दागिने असं काही सापडलं आणि त्याची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

• पुरावस्तू: १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणं, कोरीव वस्तू ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मुदत ७५ वर्षांची आहे. काही प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते.

• वन्यजीव: पक्ष्यांची अंडी, कासवाची पाठ अशा वस्तू उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा इथे लागू होतो.

• अभयारण्य आणि संरक्षित स्थळं: नदीच्या वरच्या अंगाला असलेलं नांदूर मधमेश्वर हे अभयारण्य आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथून फोटो आणा, वस्तू नको.

शंका आली तर वस्तू न हलवता फोटो काढा आणि तहसील कार्यालयात कळवा.

साहित्य काय लागेल?

आपण ४५ सेंमी लांब, ३० सेंमी उंच आणि ६ सेंमी खोल अशी भिंतीवर टांगायची शोकेस बनवूया. तिच्यात साधारण साडेसहा सेंमीचे २४ कप्पे बसतात.

• १२ मिमी जाड फळ्या: ६ सेंमी रुंदीच्या तीन (दोन ४५ सेंमी लांब, एक २७.६ सेंमी) आणि ४.८ सेंमी रुंदीची एक (२७.६ सेंमी लांब)
• पाठीसाठी ४ मिमी प्लायवूड, ४५ × ३० सेंमी
• कप्प्यांसाठी ४ मिमी जाड, ४ सेंमी रुंद पट्ट्या: पाच २७.६ सेंमीच्या, तीन ४२.६ सेंमीच्या
• ३ मिमी काच किंवा अॅक्रिलिक, ४४.२ × २८.४ सेंमी
• लाकडाचा पांढरा गम, स्क्रू, बारीक खिळे, पॉलिश पेपर, गुण्या, करवत

जुन्या पलंगाच्या किंवा कपाटाच्या फळ्याही चालतात. फक्त वाळवीची भोकं नाहीत ना, ते पाहा.

कृती

१. खाच पाडा. दोन्ही लांब फळ्यांना आणि ६ सेंमी रुंदीच्या आखूड फळीला, आतल्या बाजूने, पुढच्या कडेपासून ८ मिमी सोडून ४ मिमी रुंद आणि ५ मिमी खोल खाच पाडा. या खाचेत काच सरकणार आहे. घरी यंत्र नसेल तर एवढं काम सुताराकडून करून घ्या.

२. चौकट जोडा. आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मध्ये येतील. अरुंद फळी मागच्या कडेला जुळवा, म्हणजे तिच्या पुढून काच बाजूने आत सरकवता येईल. गम लावा, गुण्याने चारही कोपरे काटकोनात आहेत ना ते तपासा आणि मग स्क्रू बसवा. एक कोपरा तिरका गेला तरी काच अडकते.

३. कप्पे करा. आखूड पट्ट्यांना तीन आणि लांब पट्ट्यांना पाच चिरा पाडा. प्रत्येक चीर पट्टीच्या निम्म्या रुंदीपर्यंत, म्हणजे २ सेंमी. त्या एकमेकींत उलटसुलट अडकवल्या की जाळी तयार होते. ही जाळी चिकटवू नका. पुढे मोठा दगड मिळाला तर एखादी पट्टी काढता येते.

४. पाठ लावा. प्लायवूड मागून बारीक खिळ्यांनी ठोका. जाळी आत बसवा.

५. टांगा. दगड वजनदार असतात, त्यामुळे भिंतीत प्लग ठोकून किमान दोन स्क्रूंवर शोकेस टांगा. मागे बोटभर फट ठेवा. पावसाळ्यात भिंत ओलावते आणि वाळवीही भिंतीवरूनच चढते.

लाकूडच वस्तू खराब करतं?

हो, करू शकतं. लाकडातून, विशेषतः नव्या लाकडातून आणि प्लायवूडच्या गमातून, आम्लयुक्त वाफ हळूहळू निघत राहते. बंद पेटीत ती साठते. शिंपल्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर या आम्लाची क्रिया होऊन पांढरी भुकटी धरते आणि शिंपला खडबडीत होत जातो. संग्रहालयांच्या भाषेत याला ‘बायन रोग’ म्हणतात. शिशाच्या वस्तूंनाही हाच त्रास होतो.

म्हणून शोकेस तयार झाल्यावर दोन-तीन आठवडे उघडी ठेवा. पॉलिशचा वास गेल्याशिवाय काच लावू नका. पाठीवर आधी अॅल्युमिनियम फॉइल आणि त्यावर धुतलेलं, रंग न दिलेलं मांजरपाट लावा. कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती अधूनमधून बदला.

आतला उजेडही जपून वापरा. झिओलाइटच्या रचनेतच पाणी असतं, त्यामुळे त्यांना तापणाऱ्या बल्बजवळ ठेवू नका. जांभळी गारगोटी कडक उन्हात फिकी पडते. शोकेस खिडकीसमोर नको. दगड धुताना अॅसिड वापरू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: चिठ्ठी

शोकेस कितीही सुबक झाली तरी वस्तू कुठे सापडली हे माहीत नसेल, तर तो नुसता शोभेचा दगड.

याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद हे पुरातत्त्वीय स्थळ आहे. १९७४ मध्ये तिथे एका गावकऱ्याला खोदताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार कांस्यशिल्पं सापडली. भारतातल्या अतिशय महत्त्वाच्या शोधांमध्ये त्यांची गणना होते. तरी ती नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याचं एक कारण असं की ती शास्त्रीय उत्खननात, थरांची नोंद होत असताना सापडली नाहीत. एवढ्या मौल्यवान वस्तूंचं असं होतं, तर आपल्या बरणीतल्या दगडाचं काय?

म्हणून प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. दगडाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका लावून त्यावर बारीक पेनाने तो लिहा. तोच क्रमांक वहीत घाला आणि त्यापुढे एवढं नोंदवा:

• कुठे सापडली (गाव, नदीचा कोणता काठ, विहीर की शेत, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश)
• तारीख
• कोणाला सापडली
• कशात होती (वाळूत, मुरमात, किती खोलीवर)

नुसतं ‘गोदावरी, कोपरगाव’ लिहून भागत नाही. वही शोकेसजवळच ठेवा आणि तिच्या पानांचे फोटो काढून ठेवा.

घरातला संग्रह कुठवर जाऊ शकतो?

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय हे एका माणसाच्या छंदातून उभं राहिलं. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या, दिवंगत मुलाच्या नावाने त्या मांडल्या आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. आज त्यात सुमारे २० हजार वस्तू आहेत.

प्रत्येकाचा संग्रह एवढा मोठा होणार नाही आणि व्हायलाच हवा असंही नाही. पण फळ्या आणायला अजून वेळ असला तरी वही आजच सुरू करता येते. घरात जे दगड आहेत, त्यातले कुठून आणले हे आठवतंय तेवढे तरी आज लिहून काढा.